खिडकीबाहेरील प्रेक्षक

गत काळाचा विषय निघाला कीं आमच्या घरांत तत्काळ दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष वडील मंडळींचा. जें जें त्यांच्या बालपणीं होतें तें तें सोनें, आणि आजचें सारें पितळ, असा त्यांचा निकाल ठरलेला असतो. दुसरा पक्ष विद्यार्थ्यांचा. काळीं-पांढरीं चित्रें, एकच एक वाहिनी, आणि तीहि सायंकाळीं कांहीं तासांपुरतीच, हें वर्णन ऐकून त्यांस हंसूं आवरत नाहीं. आणि 'मग तुम्ही पाहत होतां तरी काय?' असा प्रश्न ते विचारतात. आम्हांस दोन्ही पक्षांचें म्हणणें पुरतें पटत नाहीं. वडिलांचें सोनें पुष्कळदां मुलाम्याचें असतें हें खरें. पण मुलांचें हंसणेंहि फार घाईचें असतें. आमचें मत असें कीं, जुन्या दूरचित्रवाणीच्या ज्या गोष्टी आज चमत्कारिक, किंबहुना वेडगळ वाटतात, त्याच आधीं टिपून ठेवल्या पाहिजेत. गाजलेल्या कार्यक्रमांची आठवण कोणी ना कोणी ठेवतोच. वेडगळ गोष्टींस मात्र वाली नसतो.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, सुरू झालें. त्या वेळीं आमचा जिल्हा कुलाबा या नांवानें ओळखला जाई. रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें. वरळीच्या मनोऱ्यापासून रोहा सरळ रेषेंत सुमारें सत्तर किलोमीटर. अंतर कांहीं फार नव्हे. परंतु या लहरींचा स्वभाव प्रकाशासारखा. त्या बहुतांशीं सरळ जातात, आणि आमचें गांव वसलें आहे कुंडलिकेच्या खोऱ्यांत, चहूंकडे डोंगर घेऊन. त्यामुळें मुंबईंतल्या चाळींत जें चित्र खिडकींतल्या लहानशा तारेवर येई, त्यासाठीं येथें घराच्या कौलांवर उंच लोखंडी नळ उभा करून त्याच्या टोकास माशाच्या कांट्यासारखा अँटेना बांधावा लागे. त्याच्या अॅल्युमिनियमच्या आडव्या कांड्या पुरुषभर उंचीहून लांब असत. कारण मुंबई केंद्राच्या लहरीच तशा लांब होत्या. आषाढांतल्या वाऱ्यानें हा कांटा फिरला कीं चित्र गेलें. मग घरांतील एक मुलगा कौलांवर, एक अंगणांत व एक संचापुढें, अशी साखळी उभी राही, आणि 'आलें का?', 'आलें, आलें... गेलें!' असा पुकारा सबंध आळीस ऐकूं जाई. कावळ्यांस ही बसावयाची जागा फार आवडे. कावळा उडाला म्हणून बातम्या दिसेनाशा झाल्या, असें आज सांगितलें तर विद्यार्थी आम्हांस थापाडे म्हणतील. परंतु दुर्बळ लहरींच्या गांवीं तेवढ्या धक्क्यानेंहि चित्रांत मुंग्या उठत, याची साक्ष कोणतेहि आजोबा देतील.

संच तरी कसला म्हणाल? कित्येक संचांस कपाटाप्रमाणें लांकडी सरकतीं दारें असत आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांस कुलूप घातलें जाई. वर विणकामाची झालर किंवा कापडी अभ्रा. बाजूस विजेचा दाब सांभाळणारी एक पेटी गुणगुणत असे. रेडिओप्रमाणें या संचासहि परवाना लागे. त्याचें पुस्तक पोस्टांत काढावें लागे व दरसाल फी भरावी लागे. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास बंद झाली. आणि या सर्वांवर कडी म्हणजे ती रंगीत कांच! खरें पाहतां ती कांच नव्हे, प्लास्टिकचा पातळ तक्ता. वरचा भाग निळा, खालचा हिरवा, मध्यें कांहींसा तांबूस. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तो बसविला कीं आकाश निळें व जमीन हिरवी दिसावी, अशी ती युक्ति. समुद्रकिनाऱ्याचें दृश्य आलें तर युक्ति साधेहि. पण बातम्या देणाऱ्या बाईंचें कपाळ निळें आणि पदर हिरवागार होई, त्याला इलाज नव्हता. रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीं, स्वातंत्र्यदिन व दिल्लीचे आशियाई खेळ या निमित्तांनीं आलें. तोंवर लोकांनीं आपल्या पुरता रंग बाजारांतून विकत आणला होता. या तक्त्यास आम्ही फसवणूक म्हणत नाहीं. ज्यास रंगीत चित्र पाहण्याची हौस आहे पण तें अद्यापि कोठें मिळतच नाहीं, अशा माणसानें केलेली ती सोय होती.

आतां कार्यक्रमांकडे वळूं. विनायक चासकर यांचा 'गजरा', चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांतून उठून आलेले चिमणराव व गुंड्याभाऊ, तबस्सुम यांचें हंसतमुख 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', गुरुवारचें 'छायागीत', रविवारचा हिंदी चित्रपट, यांविषयीं येथें लिहिण्याचें कारण नाहीं; त्यांचीं स्तोत्रें पुष्कळांनीं गाइलीं आहेत. आम्हांस आठवण करून द्यावयाची ती त्यांच्या आजूबाजूच्या अडगळीची. एकच वाहिनी असल्यामुळें जें येईल तें पाहणें भाग असे. म्हणून मराठी घरांतलीं मुलें 'किलबिल' पाहत, तशींच गुजराती 'संताकुकडी'हि पाहत, आणि एक अक्षर न शिकतां त्यांस गुजराती समजूं लागे. ज्यांनीं कधीं नांगर हातीं धरला नाहीं तेहि 'आमची माती, आमची माणसं' मध्यें भातावरील करप्याचा उपाय ऐकत बसत. पुढें १९८० नंतरच्या दशकांत 'टेलिमॅच' नांवाचा एक जर्मन खेळ येऊं लागला. प्रचंड मोठीं कागदी डोकीं घातलेले गोरे लोक निसरड्या फळ्यांवरून धांवतां धांवतां पाण्यांत पडत, एवढाच त्याचा आशय. कोणत्या गांवचे लोक, कोण जिंकलें, कशासाठीं पडले, हें येथें कोणासहि कळत नसे, आणि तरीहि सारी आळी पोट धरून हंसे. जर्मनी देशाची आमच्या कित्येक घरांस झालेली पहिली ओळख ती हीच. भूगोलाच्या पुस्तकानें ती नंतर सुधारली.

या अडगळींत दोन गोष्टी मात्र आम्ही वेगळ्या काढून ठेवतों. पहिली 'व्यत्यय'. प्रक्षेपण मध्येंच तुटलें कीं पडद्यावर एक पाटी येई. हिंदींत 'रुकावट के लिए खेद है', मराठींत 'व्यत्यय'. ती किती वेळ राहील याचा नेम नसे. परंतु कोणी जागचें उठत नसे. उठावें आणि तेवढ्यांत चित्र यावें, ही धास्ती. मग त्या पाटीकडे पाहत पाहत लोक एकमेकांशीं बोलूं लागत. कोणाच्या मुलीचें लग्न ठरलें, पेणच्या बाजारांत तांदूळ काय भावानें सुटला, धाटावच्या कारखान्यांत कोण लागला, हीं वर्तमानें त्या पाटीच्या उजेडांत सांगितलीं जात. आमचें तर असें मत आहे कीं, आळींतल्या लोकांस जोडण्याचें काम कार्यक्रमांनीं केलें त्याहून अधिक या पाटीनें केलें. आज चित्र अडलें तर प्रत्येक जण आपला मोबाइल हालवितो. शेजाऱ्याशीं बोलण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

दुसरी गोष्ट 'आपण यांना पाहिलंत का?' ही. हरवलेल्या माणसांचीं छायाचित्रें एकामागून एक पडद्यावर येत आणि एक संथ, भावनारहित स्वर त्यांचें वर्णन वाची: वय अमुक, उंची अमुक, रंग सावळा, अंगांत अमुक रंगाचा सदरा, मराठी व थोडें हिंदी बोलतो. आजच्या मुलांस हा कार्यक्रम विनोदी वाटतो, असें आम्हीं पाहिलें आहे. त्याच्या नकलाहि पुष्कळ झाल्या. परंतु ज्या काळीं कोंकणांतल्या घराघरांतून एक तरी माणूस मुंबईच्या गिरणींत, गोदींत किंवा खानावळींत पोटासाठीं गेलेला असे, त्या काळीं हीं छायाचित्रें कशीं पाहिलीं जात याचा विचार करावा. जानेवारी १९८२ मध्यें गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि हजारों संसार उघड्यावर पडले. ज्या घरीं चार महिने पत्र नाहीं, मनीऑर्डर नाहीं, त्या घरची म्हातारी ही यादी सुरू झाली कीं पदर सांवरून पुढें सरके. तिच्या लेखीं हा चित्रपटाच्या अगोदरचा कंटाळवाणा भाग नव्हता. त्या संध्याकाळचा खरा कार्यक्रम तोच. त्या याद्या आज कोणी एकत्र मांडील, तर त्या वेळीं लोक काय नेसत, कोणत्या भाषा बोलत, कोणत्या वयाचीं मुलें घर सोडून पळत, याचा त्याहून प्रामाणिक दाखला मिळणें कठीण. गाजलेल्या नाटकांतून हें कळणार नाहीं.

आतां वडील मंडळींस एक अप्रिय गोष्ट सांगणें प्राप्त आहे. 'तेव्हां सारी आळी एकत्र बसून पाहत असे,' असें आपण अभिमानानें सांगतां. सारी आळी? आंत कोण बसत असे? खुर्चीवर घरमालक व त्यांचे स्नेही, सतरंजीवर आळींतलीं मुलें, दारांत बायका. आणि खिडकीबाहेर? तेथें उभीं राहत तीं भांडीं घासणाऱ्या बाईंचीं मुलें, पलीकडच्या वाडींतलीं कातकऱ्यांचीं पोरें, बाजारांत हमाली करणारे गडी. कोणी त्यांस हांकलीत नसे, हें खरें; पण आंत या असेंहि कोणी म्हणत नसे. कोठें कोठें तर आंत बसावयाचे पैसे घेत. पावसांत हे प्रेक्षक गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन उभे राहत, आणि रात्रीं गारठा आला म्हणून घरमालकिणीनें खिडकी ओढून घेतली कीं त्यांचा चित्रपट मध्यंतरांतच संपे. त्यांपैकीं कोणी पुढें त्या काळाविषयीं लेख लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. स्मरणरंजनाचे सर्व लेख खुर्चीवरून लिहिलेले असतात. म्हणूनच त्यांत सारी आळी एकत्र बसलेली दिसते.

याउलट आणखी एक प्रकार आमच्या गांवांनीं पाहिला आहे, आणि तो दूरचित्रवाणीहून जुना. गणेशोत्सवांत रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवीत. पडद्याच्या पुढें जागा उरली नाहीं तर लोक मागें जाऊन बसत. तेथें चित्र दिसे, पण उलटें; नायक डाव्या हातानें तलवार चालवी आणि नांवांचीं अक्षरें वाचतां येत नसत. तरीहि मागच्या बाजूस बसणाऱ्यांस आपण कांहीं गमावलें असें वाटत नसे, आणि तेथें बसावयास कोणाची परवानगी लागत नसे. कापडाच्या पडद्यास दोन बाजू होत्या. कांचेच्या पडद्यास एकच.

हें सर्व लिहून ठेवण्याची घाई कां, असें कोणी विचारील. 'कोठें तरी सरकारी भांडारांत सांपडेलच कीं!' नाहीं सांपडणार, महाराज. आरंभींचे पुष्कळसे कार्यक्रम जसे घडत तसेच थेट प्रक्षेपित होत; त्यांची प्रतच निघत नसे. जे फितीवर घेत त्यांची फीत महाग व परदेशांतून यावयाची; म्हणून कार्यक्रम झाला कीं तीच पुसून तिच्यावर दुसरा घेत. त्या पहिल्या दशकांतला फार मोठा भाग अशा रीतीनें नाहींसा झाला. मुंबईचें केंद्र पुढें 'सह्याद्री' या नांवानें चालूं लागलें, आणि जें उरलें त्यांतलें कांहीं आतां इंटरनेटवर पाहावयास मिळतें. परंतु जें पुसलें तें पुसलें. यांत केवळ आपल्याच लोकांस दोष देण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत बी.बी.सी.नें हाच उद्योग केला. तिच्या 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग अशा रीतीनें बेपत्ता झाले. इतकेंच नव्हे, १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर उतरला त्या प्रसंगाच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हां वापरल्या गेल्या असाव्यात, असें अमेरिकेच्या नासा संस्थेनेंच २००९ सालीं जाहीर केलें. आपल्याकडे तर याहून आधींची कथा आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज पुरता उपलब्ध नाहीं. पहिला बोलपट 'आलम आरा', साल १९३१. त्याची एकहि प्रत सांपडत नाहीं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ सालीं निघालें. तोंवर मूकपटांपैकीं बहुतेक सर्व नष्ट झाले होते. पी. के. नायर या गृहस्थांनीं गांवोगांव फिरून उरलेसुरलें गोळा केलें म्हणून थोडें तरी वांचलें.

मात्र 'डॉक्टर हू'च्या गोष्टींत एक मौज आहे. चित्रें गेलीं, पण त्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज शिल्लक आहे. कसा? तर कांहीं प्रेक्षकांनीं, त्यांतले पुष्कळसे शाळकरी मुलगेच, घरीं आपल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर तो उतरवून ठेवला होता. जें प्रचंड संस्थेस राखतां आलें नाहीं तें पोरांनीं राखलें.

असाच दाखला आपल्या महाराष्ट्रांतहि आहे. शब्दभ्रमाचे खेळ करणारे य. के. पाध्ये यांच्या 'अर्धवटराव' या बोलक्या बाहुल्याचें वय आज शंभर वर्षांहून अधिक आहे. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनीं तो बाहुला सांभाळला, दूरदर्शनवर आणला. लिज्जत पापडाच्या जाहिरातींतला तो हंसणारा ससाहि त्यांचाच, आणि 'झपाटलेला' या १९९३ सालच्या चित्रपटांतला तात्या विंचूहि. ज्या काळांतल्या फिती पुसल्या गेल्या त्या काळांतला बाहुला मात्र धडधाकट आहे. कारण तो एका कुटुंबाच्या घरीं होता, कोणत्याहि भांडाराच्या यादींत नव्हता.

आमच्या शेजारच्या पेणची गोष्ट घ्या. तेथील, तसेंच हमरापूर व जोहे येथील, गणपतीच्या कारखान्यांतून दरवर्षीं नव्या तऱ्हेच्या मूर्ति निघतात, आणि त्या तऱ्हेवर चित्रपटांचा व मालिकांचा ठसा असतो. 'जय मल्हार' ही मालिका २०१४ सालीं सुरू झाली आणि पाठोपाठ घरोघर खंडोबाच्या पोशाखांतले गणपति बसले. कित्येक भाविकांस हें रुचत नाहीं. देवास नटाचा वेष कशाला, असें ते म्हणतात. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण कोणत्या वर्षीं लोकांच्या मनांत कोण होतें, हें जाणावयाचें असेल तर या मूर्तींसारखी नोंदवही नाहीं. आणि ती नोंदवही तर दरवर्षीं पाण्यांत सोडली जाते. राहतात ते साचे. जुने साचे जागा अडवितात म्हणून ते फोडून टाकितात. वर्षास एक याप्रमाणें साचा वेगळा काढून त्यावर सालाची चिठ्ठी लावणें एवढें जरी एखाद्या कारखानदारानें मनावर घेतलें, तरी पन्नास वर्षांनीं पेणांत जो संग्रह उभा राहील तो पाहावयास मुंबईहून लोक येतील.

विद्यार्थ्यांस या कामीं साधन म्हणून चाळीस पानांची वही पुरे; मोबाइलवर आवाज उतरवून घेतां आला तर अधिकच उत्तम. मात्र प्रश्न कसा विचारावा हें ठाऊक पाहिजे. 'आजोबा, तुमच्या वेळीं काय काय होतें?' असें विचारलें तर आजोबा भाषण देतील, आणि तें भाषण आपण पूर्वीं ऐकलेलें असेल. त्यापेक्षां असें विचारावें: संच प्रथम कोणाच्या घरीं आला? त्यास कुलूप होतें काय? किल्ली कोणाकडे असे? तुम्ही कोठें बसत होतां? पाऊस आला म्हणजे काय करीत होतां? घरच्या आजीस वेगळें विचारावें. कारण चित्रपट चालू असतां भाकऱ्या कोणी भाजल्या, याचें उत्तर आजोबांस येत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं संच नव्हता त्यांच्याकडे आधीं जावें. त्यांस बोलावयास थोडा वेळ लागेल, कारण त्यांस हा प्रश्न पूर्वीं कोणीं विचारलेलाच नसतो. पालकांसहि विनंति आहे कीं, मुलगा वही घेऊन शेजारच्या वाडींत निघाला तर त्यास 'तेथें काय मिळणार?' म्हणून अडवूं नये.

अशाच एका गृहस्थांशीं आम्हीं मध्यंतरीं बोललों. लहानपणीं त्यांनीं चिमणरावांचे पुष्कळ भाग खिडकींतून पाहिले होते, आणि त्यांस संवादांपेक्षां इतर तपशील अधिक आठवत होते: संचाच्या वर कोणतें फुलदाण होतें, घरमालक कोणत्या जागीं हंसत, दिवा कधीं मालवीत. गुंड्याभाऊ अंगानें केवढे थोराड होते हें मात्र त्यांस पुष्कळ वर्षांनीं एका मासिकांतलें छायाचित्र पाहिल्यावर कळलें. त्या खिडकीस पांच गज होते, आणि यांच्या वांट्यास नेहमीं दुसऱ्या व तिसऱ्या गजांमधली फट येई.